डाउनस्विंग: पत्त्यांचा वाटा किती आणि आपला किती

आठवड्यातून दोन-तीन दिवस लाइव्ह पोकर खेळणाऱ्या माणसाला सलग हरण्याचा काळ, म्हणजे डाउनस्विंग, येतोच. उत्तम खेळणाऱ्यालाही येतो. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा तो जास्त वेळा येतो आणि जास्त लांबतो. या काळाचा हिशेब इथे मांडायचा आहे: निव्वळ पत्त्यांमुळे किती घसरण होऊ शकते, तिच्यात आपल्या खेळाची भर कुठून पडते, आणि ती भर थांबवायला टेबलावर आणि टेबलाबाहेर नेमकं काय करायचं. सगळं नो-लिमिट होल्डेमच्या कॅश गेमबद्दल आहे: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच (आधी तीन, तो फ्लॉप, मग एक टर्न आणि एक रिव्हर), जवळच्या सगळ्या चिप्स लावायची मुभा, आणि चिप्स म्हणजे थेट पैसे. बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी एका खेळाडूने सक्तीने लावायची रक्कम, तिच्या शेजारचा निम्मी लावतो तो स्मॉल ब्लाइंड. बाय-इन म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, एक बाय-इन 100 बिग ब्लाइंडचा धरलाय आणि पुढे नुसतं ‘ब्लाइंड’ लिहिलं तर त्याचा अर्थ बिग ब्लाइंड.

आधी लाइव्ह टेबलाचा वेग लक्षात घ्या. डीलर पत्ते पिसतो, वाटतो, पॉट (मधे जमलेले पैसे) मोजतो, कुणी विचार करत बसतं. तासाला 25 ते 30 डाव होतात, त्याहून जास्त क्वचितच. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणजे तासाला 30 डावांच्या हिशेबाने साधारण साडेसात तासांत एकदा. 20 तास बसूनही एक्के एकदाही न दिसण्याची शक्यता साडेसहा टक्के आहे. हातात कुठलीही जोडी सतरा डावांत एकदा येते, आणि तिचा फ्लॉपवर सेट (तीन सारखी पानं) होतो साधारण साडेआठ वेळांत एकदा. सलग 15 जोड्या कोऱ्या जाण्याची शक्यता 15 टक्के, म्हणजे अजिबात दुर्मीळ नाही. एक्का-राजा 83 डावांत एकदा येतात आणि तीनांतल्या दोन फ्लॉपवर त्यांना काहीच लागत नाही. तेव्हा दोन-तीन दिवस ‘पानंच येत नाहीत’ म्हणणारा माणूस बहुधा खरंच सांगत असतो. डाव इतके कमी असतात की सरासरी गाठायला फार वेळ लागतो.

आता निकालांकडे वळू. लहान ब्लाइंडच्या टेबलावर चांगला खेळाडू तासाला 5 ब्लाइंड कमावतो असं धरा. तासाचा चढउतार, ज्याला स्टँडर्ड डिव्हिएशन म्हणतात, तो 50 ब्लाइंडच्या आसपास असतो. म्हणजे कमाईच्या दहापट. सहा तासांच्या एका सत्रात अपेक्षित कमाई 30 ब्लाइंड आणि चढउतार 122 ब्लाइंड. यातून निघतं ते असं, की या चांगल्या खेळाडूचीही सुमारे 40 टक्के सत्रं तोट्यात संपतात. सलग पाच सत्रं हरणं शंभरात एकदा घडणारी गोष्ट वाटते. पण वर्षाला 100 सत्रं खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी पाचांची रांग निदान एकदा येण्याची शक्यता साधारण 45 टक्के आहे. 100 तास खेळून झाल्यावरही तोट्यात असण्याची शक्यता 16 टक्के. आठवड्याला 15 तास खेळणाऱ्याचे 100 तास म्हणजे दीड महिन्याहून जास्त काळ. दीड महिना बरा खेळूनही हात रिकामे, असं सहा जणांतल्या एकाच्या बाबतीत घडतं.

अजून एक आकडा सांगतो, तो माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी माहीत असलेला. आपली आजवरची सर्वांत वरची पातळी आणि आजची पातळी यांतलं अंतर सरासरी किती असतं? सूत्र सोपं आहे: चढउताराचा वर्ग भागिले कमाईची दुप्पट. 50 चा वर्ग 2500, भागिले 10, उत्तर 250 ब्लाइंड. म्हणजे तासाला 5 ब्लाइंड कमावणारा माणूस कुठल्याही दिवशी बघितला तर आपल्या शिखराच्या सरासरी अडीच बाय-इन खालीच असतो. पाच बाय-इनहून खाली असण्याचा काळही साडेतेरा टक्के. शिखरावर असण्याचे दिवस थोडे, खाली असण्याचे पुष्कळ. जिंकणाऱ्याचंही बरंचसं आयुष्य ‘आधी इतके होते, आता इतके राहिले’ या भावनेतच जातं.

याच सूत्रात कमाई 5 ऐवजी 1 घाला. 2500 भागिले 2, म्हणजे 1250. पत्ते तेच, टेबल तेच, चढउतार तोच. फक्त खेळात तासाला चार ब्लाइंडची गळती सुरू झाली आणि सरासरी घसरण अडीच बाय-इनांवरून साडेबारा बाय-इनांवर गेली. पाचपट. डाउनस्विंगमध्ये खरा घात इथे होतो. पहिले चार-पाच बाय-इन पत्ते नेतात, त्याने खेळ बिघडतो, आणि बिघडलेल्या खेळामुळे पुढची घसरण इतकी खोल जाते की नुसत्या पत्त्यांनी ती क्वचितच गेली असती. माणूस मात्र सगळं खापर नशिबावर फोडत राहतो, कारण सुरुवात खरोखर नशिबानेच झालेली असते.

तासाला चार ब्लाइंड गळायला फार मोठा वेडेपणा लागत नाही. एक डाव जवळून बघू. तुमच्याकडे आणि समोरच्याकडे प्रत्येकी 100 ब्लाइंड आहेत. मधल्या जागेवरून तुम्ही एक्का-राणी घेऊन 5 ला रेज केलं, म्हणजे रक्कम वाढवली. बटण (फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलणारी जागा) आणि बिग ब्लाइंड या दोघांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच भरले. स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉट साडेपंधरा. फ्लॉप राणी-अठ्ठी-चौकी, त्यात दोन बदाम. तुम्ही 10 लावले, बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केलं, बटणवाला पानं फेकून गेला. पॉट साडेपस्तीस. टर्नला किलवरची दुर्री. तुम्ही 22 लावले, पुन्हा कॉल. पॉट साडेएकोणऐंशी. रिव्हरला बदामाची छक्की. आतापर्यंत गुपचूप चेक-कॉल करत (स्वतः न लावता फक्त कॉल करत) आलेला हा शांत माणूस अचानक उरलेले सगळे 63 पुढे सरकवतो.

कॉल करायला 63 लागतात आणि जिंकलं तर पॉटमधले साडेएकोणऐंशी आणि त्याचे 63 मिळतात. म्हणजे निदान 31 टक्के वेळा आपली पानं वरचढ असायला हवीत. तीन फेऱ्या कॉल करून, तिसरं बदाम पडल्यावर, स्वतःहून सगळं लावणारा शांत खेळाडू दहांतून एकदा ब्लफ करतो असं उदारपणे धरलं तरी गणित असं येतं: दहांतून एकदा एकशे साडेबेचाळीस मिळतात, नऊ वेळा 63 जातात. सरासरी तोटा साडेबेचाळीस ब्लाइंड. साडेआठ तासांची कमाई एका कॉलमध्ये गेली. दहा तासांत असा एकच कॉल जास्तीचा झाला तर तासाला पाचाचे तासाला पाऊण होतात. शांत डोक्याने हा डाव कुणीही फेकतो, म्हणजे फोल्ड करतो. सलग चार सत्रं हरल्यावर मात्र ‘प्रत्येक वेळी याच्याकडे फ्लश (एकाच जातीची पाच पानं, इथे बदामाची) कसा असेल?’ हा प्रश्न डोक्यात येतो. प्रश्न कालच्या डावांबद्दलचा आणि उत्तर आजच्या माणसाला द्यायचं, अशी ती गल्लत असते. समोरच्याला तुमचं गेल्या महिन्यात काय झालं याची काहीच कल्पना नाही. त्याच्या हातात जे आहे ते तेच आहे.

उलट्या दिशेची चूक अजून फसवी आहे. तोच डाव, पण रिव्हरला बदामाऐवजी इस्पिकची तिर्री पडली आणि समोरच्याने चेक केलं. आता एक्का-राणीने 35 लावायला हवेत: राणी-गुलाम, राणी-दश्शी अशी पानं कॉल करतात. समजा 35 टक्के वेळा हलक्या पानांनी कॉल मिळाला, 10 टक्के वेळा दोन जोड्या किंवा सेट निघाला, बाकी वेळा समोरचा गेला. सरासरी फायदा पावणेनऊ ब्लाइंड. मार खाल्लेला माणूस इथे चेक करतो, पॉट जिंकतो, सुटकेचा श्वास सोडतो. पावणेनऊ ब्लाइंड टेबलावर तसेच राहिले, पण ते कुणालाच दिसले नाहीत, त्यालाही नाही. पडत्या काळात लोक सैल होतात, म्हणजे नको ते डाव खेळतात, असं सगळे म्हणतात. माझ्या मते नेहमी खेळणाऱ्यांमध्ये हे घाबरणं सैल होण्याइतकंच खर्चिक आहे, आणि बरं करायला अवघड, कारण त्याची कुठली ठळक जखम राहत नाही.

तिसरी गळती डाव निवडण्यातली. तासभर पानं फेकून कंटाळलेला माणूस पहिल्या जागेवरून (जिथे सगळ्यांआधी बोलावं लागतं) राजा-गुलाम, दश्शी-अठ्ठी अशी पानं घेऊन डावात उतरू लागतो. अशा प्रत्येक डावाचा तोटा सरासरी अर्धा ब्लाइंड धरला आणि तासाला तीन डाव जास्त खेळले, तर दीड ब्लाइंड तासाला गेले. त्यात रेकचा, म्हणजे क्लब पॉटमधून कापून घेतो त्या पैशांचा, भारही वाढतो. नऊ जणांच्या टेबलावर माणूस तासाला तीनेक पॉट जिंकतो. प्रत्येकातून रेक, जॅकपॉटचा तुकडा आणि डीलरची टिप मिळून अडीच ब्लाइंड गेले तर तासाला साडेसात ब्लाइंड होतात. किरकोळ, दोन-दोन ब्लाइंडच्या लढाया जिंकून फायदा होत नाही याचं कारण हेच.

चौथी गळती म्हणजे उठण्याची वेळ. 1990 मध्ये रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी दाखवलं की तोटा झाल्यावर लोक सहसा जोखमीपासून लांब पळतात, पण समोरचा पर्याय झालेला तोटा पूर्ण भरून काढू शकत असेल तर तोच त्यांना ओढून घेतो. पोकरच्या टेबलावर हे रोज दिसतं. दोन बाय-इन मागे असलेला माणूस रात्रभर हलत नाही आणि दीड बाय-इन पुढे असलेला दोन तासांत चिप्स गोळा करतो. परिणाम असा की जिंकतानाची, ताज्या डोक्याची, मान मिळत असलेली सत्रं आखूड होतात आणि हरतानाची, थकलेली सत्रं लांब. एकूण तासांत वाईट तासांचं प्रमाण आपोआप वाढतं. नोंदी असतील तर हे तपासायला पाच मिनिटं लागतात: जिंकलेल्या सत्रांची सरासरी लांबी काढा, हरलेल्यांची काढा. हरलेली दीडपट लांब निघाली तर डाउनस्विंगचं एक कारण तिथेच सापडलं.

आता पत्त्यांचा वाटा मोजायचा कसा? एक भाग सहज मोजता येतो, तो म्हणजे ऑल-इनचा. कुणाचीतरी शेवटची चिप पुढे गेली आणि पानं उघडी पडली की तिथली टक्केवारी लिहा. फ्लॉपआधी एक्के विरुद्ध राजे: 82 विरुद्ध 18. पॉट 201 असेल तर आपला वाटा 165. हरलो तर नोंद उणे 165, जिंकलो तर अधिक 36. फ्लॉपवर वरची जोडी विरुद्ध फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पान कमी) असेल तर ड्रॉ 35 टक्के वेळा पूर्ण होतो. टर्नला पैसे गेले असतील तर वीस टक्क्यांच्या आसपास. या नोंदींची बेरीज महिनाअखेर जी येईल तेवढं नशीब ऑल-इनमध्ये फिरलं. फ्लॉपवरचा फ्लश ड्रॉ लागला म्हणून ‘बॅड बीट’ची, म्हणजे कमनशिबी हरण्याची, ओरड करणं मात्र सोडून द्यावं. तीनांत एकदा होणारी गोष्ट वाईट नशीब नाही, ती किंमत ठरवतानाच धरलेली असते.

या बेरजेवर फार भिस्त ठेवू नका. लाइव्हमध्ये ऑल-इन होऊन पानं उघडी पडण्याचे प्रसंग सत्रागणिक जेमतेम एक-दोन. शिवाय नशिबाचे आणखी तीन मोठे भाग या आकड्यात येतच नाहीत. पानं किती चांगली पडली, हा एक. आपली दोन नंबरची पानं दुसऱ्याच्या एक नंबरला किती वेळा भिडली, हा दुसरा: राजे घेऊन एक्क्यांवर आपटणं किंवा सेटवर मोठा सेट. तिसऱ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. टेबलावरचा सगळ्यांत सैल माणूस आपला पूर्ण स्टॅक (जवळच्या सगळ्या चिप्स) कुणाला देऊन उठतो? तो शेजारच्याला मिळाला तर तुमच्या नोंदीत त्या रात्री काहीच दिसत नाही, पण तुमच्या अपेक्षित कमाईचा मोठा तुकडा तोच होता. म्हणून ऑल-इनची बेरीज शून्याच्या आसपास आणि तरी आठ बाय-इन तोटा, एवढ्यावरून खेळ वाईट होता असं ठरत नाही. बेरीज उणे असेल तर खेळ चांगला होता असंही ठरत नाही.

मग खेळ तपासायचा तो डावांच्या वहीतून. पडत्या काळात लोक नेमके चुकीचे डाव लिहितात: एक्के फुटले, रिव्हरला दुर्री पडली. त्यात शिकण्यासारखं काही नसतं, पैसे आधीच बरोबर गेलेले असतात. लिहायचे ते 30 ते 80 ब्लाइंडचे मधले पॉट, जिथे ऑल-इन झालं नाही आणि निर्णय आपल्या हातात होता. सत्रागणिक तीन पुरेत, आणि त्यात जिंकलेला एक तरी हवाच. फोनवर दोन डावांच्या मधे टिपता येतं. नोंद अशी असावी: जागा, दोघांचे स्टॅक, समोरच्याबद्दल चार शब्द, प्रत्येक टप्प्यावरचा पॉट आणि बेट, आणि शेवटी ‘कॉल का केला’ याचं एका ओळीतलं कारण. हे कारण त्याच क्षणी लिहिणं फार महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं कारण नेहमीच शहाणपणाचं निघतं. ‘वाटलं ब्लफ असेल’ किंवा ‘फोल्ड करायचा कंटाळा आला’ असं पानांमागून पानं दिसू लागलं की गळती कुठे आहे ते कळायला तज्ज्ञ लागत नाही.

डाव दुसऱ्याला दाखवताना शेवट सांगू नका. निर्णयापर्यंत यायचं आणि थांबायचं. ‘रिव्हरला त्याने 63 लावले, तू काय करशील?’ समोरच्याच्या हातात काय निघालं हे कळलं की ऐकणारा कितीही जाणता असला तरी त्याचं मत तिकडे झुकतं. दोघा-तिघांनी वेगवेगळं, निकाल न कळता ‘फोल्ड’ म्हटलं आणि तुम्ही कॉल केला होता, तर ती चूक आहे, मग त्या रात्री पॉट तुम्ही जिंकला असलात तरी.

टेबलावर बसलेलं असताना करायच्या गोष्टी थोड्या आहेत पण त्या आधी ठरवलेल्या असाव्यात, कारण वेळ आल्यावर डोकं ठरवण्याच्या स्थितीत नसतं. पहिली रिबायची, म्हणजे पुन्हा चिप्स घेण्याची. मोठा पॉट हरल्यावर लगेच चिप्स मागवू नका, उठून बाहेर जा. ब्लाइंड चुकू नयेत म्हणून लोक बसून राहतात, पण नऊ जणांच्या टेबलावर बटण आणि कटऑफ (बटणाच्या लगेच आधीची) या चांगल्या जागा खेळून उठलं तर पुढचा बिग ब्लाइंड येईपर्यंत पाच डाव जातात, साधारण दहा मिनिटं. ते पाचही डाव सुरुवातीच्या आणि मधल्या जागांवरचे, जे एरवीही बहुतेक फेकायचेच असतात. मोठा पॉट दुसऱ्या जागेवर हरलात तर बटणाची वाट न बघता उठा. चुकलेला ब्लाइंड नंतर भरावा लागला तरी दीड ब्लाइंडचा खर्च आहे, वर मांडलेल्या कॉलपुढे तो काहीच नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची मर्यादा. तीन बाय-इन ही नेहमी खेळणाऱ्यासाठी बरी मर्यादा आहे, पडत्या काळात दोन. या मर्यादेला गणिती आधार नाही हे मान्य करून पुढे जाऊ. पुढचा डाव मागच्या डावावर अवलंबून नसतो. टेबल चांगलं असेल आणि खेळ शाबूत असेल तर तीन बाय-इन हरल्यावरही बसणं फायद्याचं असू शकतं. अडचण एवढीच की खेळ शाबूत आहे का, याचा निवाडा त्या वेळी आपणच करायचा असतो, आणि तीन बाय-इन हरलेला न्यायाधीश भरवशाचा नसतो. त्याऐवजी एक ठोस चाचणी वापरा: मागचे तीन पॉट कुणी कुणाकडून जिंकले आणि आत्ता डावीकडच्या दोघांचे स्टॅक किती आहेत, हे न बघता सांगता येतं का? आलं नाही तर लक्ष उडालंय, उठा. ‘मी शांत आहे का’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर नेहमी हो येतं.

खेळायचंच असेल पण डोकं थोडं हललेलं असेल, तर टेबलाचे नियम परवानगी देतात तिथे 100 ऐवजी 40-50 ब्लाइंडचा स्टॅक घेऊन बसा. कमी स्टॅकमध्ये रिव्हरचे अवघड निर्णय कमी होतात, बहुतेक पैसे फ्लॉपआधी किंवा फ्लॉपवरच जातात, आणि एका पॉटमध्ये जाणारी रक्कम निम्मी होते. दुबळ्या खेळाडूंविरुद्धची कमाईही त्यामुळे कमी होते, तेव्हा हा कायमचा उपाय नाही. जागा बदलण्याबद्दलही सांगायला हवं: नशीब फिरावं म्हणून खुर्ची बदलणाऱ्याला पत्ते वेगळे पडत नाहीत. पण खूप रेज करणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला बसता येत असेल तर ताबडतोब बदला, कारण मग तो आधी बोलतो आणि आपण नंतर.

आता पैशाची बाजू. सगळी रक्कम बुडण्याची शक्यता काढायला वरच्याच आकड्यांवर आधारलेलं सूत्र आहे आणि त्याची उत्तरं डोळे उघडणारी आहेत. खेळासाठी 20 बाय-इन, म्हणजे 2000 ब्लाइंड बाजूला ठेवले आहेत असं धरा. तासाला 5 कमावणाऱ्याची सगळं बुडण्याची शक्यता 0.03 टक्के. तासाला अडीच कमावणाऱ्याची 1.8 टक्के. तासाला 1 कमावणाऱ्याची 20 टक्के. ‘वीस बाय-इन पुरेत’ या सल्ल्याला म्हणूनच अर्थ नाही, किती पुरे हे कमाईवर ठरतं आणि पडत्या काळात कमाईच घसरलेली असते.

घरखर्च याच रकमेतून काढणाऱ्याने हे सूत्र अजून काळजीपूर्वक बघावं. तासाला 5 ची कमाई आणि खर्चासाठी तासामागे 3 काढले, तर गणितात उरतात 2. बुडण्याची शक्यता 0.03 वरून 4 टक्क्यांवर जाते आणि सरासरी घसरण 250 वरून 625 वर. शिवाय हरत असताना खर्च थांबत नाही. खेळावर पोट असलेल्याने निदान सहा महिन्यांचा घरखर्च खेळाच्या रकमेबाहेर, वेगळ्या खात्यात ठेवावा. तो ठेवता येत नसेल तर दुसरं उत्पन्न असल्याशिवाय खेळावर जगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खालच्या ब्लाइंडवर कधी उतरायचं हेही आधी कागदावर हवं. एक चालणारी पद्धत: एखाद्या पातळीवर 25 बाय-इन असताना बसायचं, 15 उरले की निम्म्या ब्लाइंडच्या टेबलावर उतरायचं, वरच्या पातळीचे 25 पुन्हा झाले की परतायचं. उतरताना मनाला खुपतं ते असं, की वर गेलेले 1000 ब्लाइंड खाली 2000 होतात, आणि तासाला पाचाने ते भरायला 400 तास लागतील. हिशेब बरोबर आहे. म्हणून खाली भरपाईसाठी जायचंच नाही. जायचं ते उरलेल्या 15 चे 30 बाय-इन होतात म्हणून, समोरचे खेळाडू सहसा सोपे असतात म्हणून, आणि 35 ब्लाइंडची बेट पुन्हा न घाबरता लावता यावी म्हणून.

काही वेळा मात्र हा डाउनस्विंग नसतोच. खेळाडू जिंकणारा आहे हे किती तासांनी म्हणता येतं? 500 तासांनंतर मोजलेल्या कमाईत साडेचार ब्लाइंड इकडे-तिकडे होऊ शकतात. वहीत तासाला 5 दिसत असेल तर खरा आकडा अर्ध्यापासून साडेनऊपर्यंत कुठेही असू शकतो. 1000 तासांनंतरही ही ढिलाई तीन ब्लाइंडची असते. 1000 तासांनी तासाला उणे 1 असलेला माणूस कदाचित थोडासा जिंकणारा असेल, पण तासाला 5 कमावणारा जवळजवळ नक्कीच नाही. त्याने टेबल बदलावं, ब्लाइंड कमी करावेत किंवा पोकर हा पैसे खर्चून करायचा छंद मानून त्यासाठी महिन्याची रक्कम ठरवावी. नोंदीच नसतील तर डाउनस्विंग हा शब्दही वापरू नये. घसरायला आधी वर गेल्याचा पुरावा लागतो.

आणि उसने पैसे घेऊन बसणं, घरी आकडा लपवणं, हरलेलं आजच परत मिळवायचं म्हणून सुट्टी टाकून खेळणं, थांबायचं ठरवूनही न थांबता येणं, यांतलं काही सुरू झालं असेल तर वरचं एकही सूत्र उपयोगाचं नाही. तिथे खेळ पूर्ण थांबवायचा, घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगायचा आणि जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जायचं. कॅसिनो किंवा क्लबमध्ये स्वतःचा प्रवेश स्वतःच बंद करून घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते, ती मागून घ्यावी.

बाकीच्यांसाठी सुट्टीबद्दल थोडं. आठवडा-दोन आठवडे न खेळल्याने पत्ते बदलत नाहीत, पण झोप सुधारते आणि वहीतले डाव निकालाच्या रागाशिवाय वाचता येतात. सुट्टीचा उपयोग तेवढाच आणि तेवढा पुरे. परत येताना पहिली चार-पाच सत्रं तीन तासांची ठेवा, घड्याळ लावून. सुरुवातीच्या जागांवरून जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी एवढ्याच पानांनी डावात उतरा. बसण्याआधी दहा मिनिटं उभं राहून टेबल बघा: एका डावात चार-पाच जण फ्लॉप बघतायत का, कुणी रिव्हरपर्यंत एका जोडीवर कॉल करतंय का. तसं कुणी दिसत नसेल आणि दुसरं टेबलही नसेल, तर त्या दिवशी बसू नका.